रेझ्युमे लिहिताना : आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच आटोपली होती आणि चंद्रपूर जिल्ह्यातील एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाल्याचे त्याला कळले होते. हातातील प्लास्टिकच्या पाकिटातून त्याने दोन पाने काढली. "सर, रेझ्युमे बनवून आणला. एकदा नजर टाका," तो म्हणाला.

ती दोन पाने झेरॉक्सच्या दुकानात तयार झाली होती. दुकानदाराच्या संगणकात एक नमुना कायमचा ठेवलेला असतो. नाव, पत्ता आणि गुण तेवढे बदलायचे आणि छापून द्यायचे. वर मोठ्या अक्षरांत 'बायोडाटा' असे लिहिले होते. त्याखाली इंग्रजीत चार ओळींचे 'ध्येय' होते. त्याचा अर्थ विचारला, तेव्हा तो खाली पाहू लागला. पुढे वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व आणि उंचीसुद्धा. मग गुणांचा तक्ता. शेवटी छंद : वाचन, क्रिकेट, पोहणे. आम्ही विचारले, "तुला पोहता कधीपासून येते?" तो हसला. ते पोहणे आधीच्या कोण्या गिऱ्हाइकाचे राहून गेले होते.

आम्ही तो कागद बाजूला ठेवला आणि गप्पा सुरू केल्या. तेव्हा कळले ते असे. महाविद्यालयाच्या वसतिगृहात दोन वर्षे मेसचा हिशेब हाच मुलगा पाहत होता. रोजची हजेरी, तांदूळ-डाळीची खरेदी, महिन्याअखेरची वजाबाकी, सारे त्याच्या वहीत. शेवटच्या वर्षी त्याने गावोगावच्या हातपंपांचे पाणी आणून त्यातील फ्लोराईड मोजले होते. आपल्या जिल्ह्यातील वरोरा, भद्रावती, कोरपना या भागांत भूजलात फ्लोराईड आढळते आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही, हे त्याने आम्हांस अगदी शिक्षकाच्या थाटात समजावून सांगितले. प्रयोगशाळेतील नोकरीसाठी निघालेल्या या मुलाच्या कागदावर त्यातील एक शब्दही नव्हता. आम्ही तसे म्हणताच तो चकित होऊन म्हणाला, "सर, ते पण लिहाचं असते का?"

या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो, कारण त्याचे उत्तर आम्हीच त्याला कधी दिले नव्हते. तीस वर्षे आम्ही इतिहास शिकवला. शाळा सोडून जाणाऱ्या शेकडो मुलांना वर्तनाचे दाखले लिहून दिले. 'सदर विद्यार्थ्याचे वर्तन चांगले आहे' हे एकच वाक्य सर्वांना. ज्याने ग्रंथालयाची कपाटे लावली त्यालाही तेच, आणि ज्याने आजारी मित्राला रात्री रुग्णालयात नेले त्यालाही तेच. गुणपत्रिकेबाहेरच्या कामाची नोंद करावयाची असते हे आम्ही त्यांना शिकवले नाही. मग ते झेरॉक्सच्या दुकानदाराकडून शिकले. त्यात दुकानदाराचा दोष नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे बायोडाटा म्हणजे लग्नाचा. त्यात उंची, वर्ण, कुळ, मामाचे गाव, शेती किती, हे येते, कारण तिथे दोन घरे एकमेकांना जोखत असतात. नोकरीचा रेझ्युमे हा निराळा कागद आहे. ज्याला माणूस हवा आहे त्याने काम सांगितलेले असते. ते काम तुम्हांला जमेल असे मानायला आधार काय, एवढेच त्या कागदाने सांगायचे असते. त्यासाठी वडिलांचा व्यवसाय लागत नाही, धर्म लागत नाही, लग्न झाले की नाही हेही लागत नाही. मागितले नसेल तर फोटोही लावू नये. नाव, दूरध्वनी, ईमेल, गाव व जिल्हा. मग शिक्षण, पण अलीकडचे आधी. मग केलेले काम, प्रकल्प, येणाऱ्या गोष्टी. पदवीच्या विद्यार्थ्याला एक पान पुरते. ते पान भरत नसेल तर छंद घालून भरू नये.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्यामुळे आम्हांला हे आपल्या विषयाच्या भाषेत सांगणे सोपे जाते. इतिहासात कोणतेही विधान साधनाशिवाय उभे राहत नाही. कोणी म्हणाला की अमुक राजा प्रजाहितदक्ष होता, तर आपण विचारतो, कशावरून? शिलालेख आहे का, दानपत्र आहे का? रेझ्युमेतील 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' हे वाक्य असेच निराधार आहे. ते खोटे नसेल, पण वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी 'वसतिगृहातील ६० विद्यार्थ्यांच्या मेसचा मासिक हिशेब दोन वर्षे ठेवला' असे लिहिले की मेहनत आणि प्रामाणिकपणा वाचणारा स्वतःच काढून घेतो. संख्या, कालावधी, ठिकाण आणि आपण स्वतः काय केले, या चार गोष्टी ओळीत आल्या की ती ओळ उभी राहते. आणि विचारल्यास दाखवता येईल असे काही हाताशी असावे : वही, प्रमाणपत्र, प्रकल्पाची प्रत, निदान ते काम पाहिलेला एखादा माणूस.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या मुलांना पाठ असते. पण त्या यादीपेक्षा तिच्या मधल्या जागा विद्यार्थ्याला अधिक शिकवतात असे आम्हांला वाटते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला, तेव्हा ते विद्यार्थीच होते. वर्गातील तो निबंध त्यांनी ट्रंकेत ठेवून दिला नाही. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. भारतातील लहान शेतजमिनींवरील त्यांचा लेख १९१८ साली अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा पदव्यांच्या जोडीला छापलेले काम त्यांच्या नावावर होते. आपल्या मुलांचे प्रकल्प मात्र तोंडी परीक्षा झाली की रद्दीत जातात. ते जपून ठेवावेत आणि रेझ्युमेत त्यांचा विषय, पद्धत व निष्कर्ष दोन ओळींत लिहावा.

शिफारशीविषयीही तेच. १९१६ साली बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा प्राध्यापक सेलिग्मन यांनी तेथील प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. सेलिग्मन हे त्यांना शिकवणारे, त्यांचे काम जवळून पाहिलेले गृहस्थ होते. आपली मुले रेझ्युमेच्या तळाशी संदर्भ म्हणून आमदारांचे किंवा जिल्हा परिषद सदस्यांचे नाव टाकतात. त्या सन्माननीय व्यक्तीने मुलाला एखाद्या कार्यक्रमात हार घालताना पाहिलेले असते, इतकेच. त्यापेक्षा प्रयोगशाळेतील शिक्षक, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, ग्रंथपाल यांचे नाव, त्यांना आधी विचारून, द्यावे.

आता आपल्या भागाविषयी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना वाटते की आपल्याकडे 'अनुभव' नाही, कारण अनुभव म्हणजे पुण्या-मुंबईच्या कंपनीतील इंटर्नशिप अशी त्यांची समजूत असते. वास्तविक आपल्या गावांतील पदवीधर मुलगा वयाच्या अठराव्या वर्षापासून अनेक जबाबदारीची कामे करीत असतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. ७० पानांचा एक पुडा, आणि संध्याकाळी फळीवर घरोघरचे पुडे मोजून घेणे, नोंदवणे, चुकारा वाटताना तक्रारी मिटवणे हे काम गावातील शिकलेल्या मुलाकडेच येते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीत मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे अनेक ग्रामसभा आपल्या वनोपजाचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. तेथे ठराव लिहिणारा, बँकेचे पासबुक भरून आणणारा, निविदेची कागदपत्रे वाचून दाखवणारा बहुतेकदा महाविद्यालयीन विद्यार्थी असतो. हे तो 'घरचे काम' समजतो. आम्ही त्याला असे लिहावयास सांगतो : 'एप्रिल-मे, दोन हंगाम : ग्रामसभेच्या तेंदूपत्ता संकलन केंद्रावर ४० कुटुंबांच्या दैनंदिन संकलनाची नोंद व चुकाऱ्याचा हिशेब.' ही ओळ खरी असेल तर बँक, पतसंस्था, खाण कंपनी, सामाजिक संस्था, कोणालाही ती समजते.

भाषांचे तसेच. रेझ्युमेत सगळे जण 'मराठी, हिंदी, इंग्रजी' लिहितात. भामरागड, एटापल्लीचा मुलगा माडिया बोलतो, धानोरा-कोरचीचा गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंच्याचा तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या काही वस्त्यांत बंगाली. ही भाषा तो लिहीत नाही. कधी वरिष्ठ हसतील म्हणून, कधी ती भाषा 'भाषा' वाटतच नाही म्हणून. ज्या बँकशाखेत म्हातारीला खात्यातले पैसे कुठे गेले हे समजावून सांगायचे आहे, ज्या आरोग्य शिबिरात रुग्णाचे दुखणे डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचे आहे, तिथे या भाषेवाचून काम अडते. म्हणून ती लिहावी, आणि बोलता येते, वाचता येते, लिहिता येते हे वेगवेगळे लिहावे. इंग्रजी वाचता येत असेल व बोलता येत नसेल तर तसेच लिहावे. मुलाखतीत पहिल्या मिनिटाला उघडे पडण्यापेक्षा ते बरे. त्याच कारणासाठी आम्ही मुलांना सांगतो की रेझ्युमे आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत करून घ्या, आणि ज्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगता येत नाही तो काढून टाका.

बारीकसारीक गोष्टी अनेक आहेत. त्यांतील दोन-तीनच सांगतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर यांत तुम्ही काय केले ते लिहावे, नुसते प्रमाणपत्र आहे असे लिहू नये. एम.एस.सी.आय.टी. किंवा टंकलेखनाचे प्रमाणपत्र असेल तर सोबत कोणते काम प्रत्यक्ष येते तेही लिहावे. विद्यापीठाचे नाव नीट लिहावे. २०११ पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ आहे, थोरल्या भावाच्या पदवीवर नागपूर विद्यापीठ असते म्हणून तेच उतरवून घेऊ नये. आणि नावाचे इंग्रजी स्पेलिंग दहावीची गुणपत्रिका, आधार आणि रेझ्युमे यांत एकच असावे. आमच्या माहितीतील एका मुलीच्या नावाचे तीन कागदांवर तीन अवतार होते आणि कागदपत्र-तपासणीच्या दिवशी ती दिवसभर रांगेत उभी राहून परत आली.

दूरध्वनीची गोष्ट मात्र बारीक नाही. आपल्या अनेक गावांत आजही मोबाईलला धड रेंज मिळत नाही, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. कंपनीचा माणूस दोनदा फोन लावतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. म्हणून रेझ्युमेत तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या भावाचा, मित्राचा किंवा वसतिगृहाचा दुसरा क्रमांक द्यावा, आणि त्या माणसाला तसे सांगून ठेवावे. अर्ज केल्यानंतरचे पंधरा दिवस दर दोन दिवसांनी ईमेल पाहिला जाईल अशी सोय करावी. शनिवारी आलेले मुलाखतीचे बोलावणे बुधवारी पाहिलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतो. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, आडनाव काढून नुसतं नाव आणि वडिलांचं नाव लिहिलं तर चालते का?" तिच्या मैत्रिणीने तसे केले होते आणि तिला बोलावणे आले होते.

या प्रश्नाला 'घाबरतेस काय' असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नाही. तिची शंका निराधार नव्हती. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले, मिलिंद महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल या समाजशास्त्रज्ञासमवेत हीच गोष्ट तपासून पाहिली होती. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक नावात. काही नावे उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम वाटतील अशी. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष प्रसिद्ध झाले : उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी त्याच सुमारास दिल्ली परिसरातील २५ कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले. सगळे गुणवत्तेची भाषा बोलत, आणि तरी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारणे त्यांना महत्त्वाचे वाटे. तेव्हा आडनाव वाचले जाते, हे आम्ही तिला स्पष्ट सांगितले.

आणि तरीही आम्ही तिला आडनाव काढू नकोस असे सांगितले. पहिले कारण व्यवहाराचे : गुणपत्रिका, आधार, पॅन या सर्वांवर ते आहेच, निवड झाल्यावर ते समोर येणारच, आणि मग 'आधी का लपवले' हा नवा प्रश्न उभा राहील. दुसरे कारण बडोद्याचे. १९१७ साली परदेशातून परतलेले बाबासाहेब करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. एवढी विद्वत्ता घेऊन आलेल्या माणसाला त्या शहरात खोली मिळेना. शेवटी एका पारशी वसतिगृहाच्या नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. नाव बदलल्याने त्यांना दहा दिवस मिळाले, आणि त्या दहा दिवसांत ते किती एकटे होते हे ज्याने वाचले आहे तो आपल्या मुलीला तोच मार्ग सांगणार नाही. मात्र ज्यांनी आडनाव वगळले त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. घरातील चूल पेटवायची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याचा हिशेब वेगळा असतो.

आम्ही तिला एवढेच म्हणालो की ज्या ठिकाणी दोन-तृतीयांश शक्यता आहे तिथे दहा अर्जांऐवजी पंधरा अर्ज करावे लागतील. हे अन्यायाचे आहे, पण करता येण्यासारखे आहे. आणि मुलाखतीत 'घरी कोण काय करते' असे विचारलेच, तर लाजून पुटपुटू नये. 'वडील शेतमजुरी करतात, आई बचत गटाचा हिशेब पाहते, मी घरातील पहिली पदवीधर आहे,' असे एका दमात सांगावे आणि कामाच्या विषयाकडे वळावे. पालकांना आमची विनंती आहे की मुलामुलींनी हे वाक्य घरी, त्यांच्यासमोर, मोठ्याने म्हणून पाहावे.

जात न लिहिण्याचा हा सल्ला खासगी नोकरीच्या रेझ्युमेपुरता आहे, हे पुन्हा सांगतो, कारण याचा उलट अर्थ घेऊन एका मुलाने सरकारी भरतीच्या अर्जातील जातीचा रकाना रिकामा सोडला होता. सरकारी भरतीत रेझ्युमे नसतो, ठरावीक अर्ज असतो, आणि तिथे प्रवर्ग लिहिणे हा आपला घटनादत्त हक्क आहे. त्यातही आपल्या घरांत एक गोंधळ नेहमीचा. धर्माच्या रकान्यात बौद्ध, आणि जातीच्या रकान्यातही बौद्ध. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या, त्या मूळ जातीच्या आधारावर. म्हणून जातीच्या दाखल्यावर जे शब्द आहेत तेच, अक्षर न बदलता, अर्जात उतरवावेत. जात पडताळणीचे काम अर्जाच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. आदिवासी विद्यार्थ्यांनी तर बारावीतच त्यामागे लागावे.

सिमेंट कारखान्याच्या त्या मुलाचा रेझ्युमे आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिला. एक पान झाले. पोहणे गेले, उंची गेली, फ्लोराईड आले, मेसचा हिशेब आला. मुलाखतीहून परतल्यावर त्याने फोन केला. त्याला विचारले होते, अनुमापन करताना चूक कुठे होते, आणि मेसमध्ये महिन्याला माणशी खर्च किती यायचा. दोन्ही त्याला तोंडपाठ होते. निवड यादीत त्याचे नाव प्रतीक्षेत दुसरे लागले; पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत, त्याच एका पानावर, त्याला काम मिळाले.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत पहिले तीन दिवस, सकाळी दहा ते एक, आम्ही शाळेच्या ग्रंथालयात बसणार आहोत. महाविद्यालयात शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी यावे. नोकरीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी कधी अर्ज छाननीचे काम केले आहे त्यांनी तर अवश्य यावे. आम्ही इतिहासाचे शिक्षक, आमच्या चुका दाखवणारे कोणी हवे आहे. येताना दहावीपासूनच्या गुणपत्रिकांच्या प्रती, प्रकल्पाची वही आणि असलेला रेझ्युमे आणावा. फोटो आणण्याची गरज नाही.